चढणीचा ठेका

गेल्या महिन्यात जनूभाऊंची बायको दुकानात आली आणि तिने काउंटरवर एक खाकी पिशवी ठेवली. पिशवी मीच शिवलेली. चांगलं जाड कापड, आत लहानमोठे चौदा कप्पे, खांद्याला रुंद पट्टा. चेन उसवली होती.

"नीट करून दे," ती म्हणाली.

मी म्हटलं, वहिनी, आता कुणाला लागणार आहे ती?

"नाय लागली तर नाय लागली. त्यांची वस्तू घरात फाटकी नको गो."

मी पिशवी ठेवून घेतली. चेन बदलायला अर्धा तास पुरतो, पण पंधरा दिवस मी तिला हात लावला नाही. दुसऱ्या कुणी एवढा उशीर केला असता तर मीच त्याला चार शब्द सुनावले असते. शेवटी एका दुपारी मशीनवर घेतली, तेव्हा एका कप्प्यातून एक छोटीशी पितळी चकती खाली पडली. ती अजून माझ्या सुयांच्या डबीत आहे. हे लिहायला बसले ते त्या चकतीमुळे.

पेणला एसटी स्टँडच्या मागे माझं लेडीज टेलरचं दुकान आहे. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको. त्याखेरीज वीस-बावीस वर्षं मी ऑर्केस्ट्रात गायले. लग्नाची रिसेप्शनं, गणपतीची मंडळं, वाढदिवस, कंपनीतल्या कामगारांची स्नेहसंमेलनं, कुठे म्हणून आम्ही नाही म्हटलं नाही. आवाज माझा बरा होता. फार मोठी गायिका वगैरे नव्हते, पण पेणपासून रोह्यापर्यंत लोक ओळखायचे. ऑर्केस्ट्रा अण्णांचा. अण्णा कीबोर्ड वाजवायचे, गाड्या ठरवायचे आणि सगळ्यांवर ओरडायचे. आणि जनूभाऊ भोईर आमच्याकडे साइड रिदमला होते.

साइड रिदम म्हणजे काय ते लोकांना सांगावं लागतं. तबला, ढोलकी, ड्रमसेट हे सगळ्यांना दिसतं. पण गाण्यात मागून खुळखुळ्याचा आवाज येतो, मध्येच घुंगरं वाजतात, लोखंडी त्रिकोण टिण् करतो, दातेरी लाकडी नळीवर काडी घासल्याचा करकर आवाज येतो, ते सगळं एकच माणूस करत असतो. स्टेजच्या कोपऱ्यात, बहुतेक साउंडच्या खोक्याआड. फोटोत तो कधी येत नाही. आला तरी अर्धा.

जनूभाऊ नागोठण्याच्या पलीकडे, रोह्याच्या अंगाला आतल्या बाजूच्या एका गावात राहायचे. गावाचं नाव लिहीत नाही. माणसं अजून आहेत आणि मला त्यांच्याकडे ब्लाउज पोचवायचे असतात. थोडी भातशेती, भात झालं की त्याच जमिनीत वाल. उंच, सुके, पुढे थोडे वाकलेले. बोलणं कमी. दर हिवाळ्यात माझ्या दुकानात वालाच्या शेंगांची पिशवी ठेवून जायचे आणि "किडक्या निघाल्या तर सांग" एवढंच म्हणायचे. एकदा मी खरंच सांगितलं, तर पुढच्या आठवड्यात दुसरी पिशवी आणली.

वाजवणाऱ्या लोकांचे हात कधी गप्प बसत नाहीत, हा माझा अनुभव आहे. गाडीत बसले की सीटवर, जेवायला बसले की ताटावर, कुणी मयताला गेलं तरी गुडघ्यावर बोटं चालूच. आमचा तबलेवाला तर माझ्या कटिंगच्या टेबलावर इतका ताल धरायचा की खडूच्या रेघा हलायच्या. जनूभाऊंचं तसं नव्हतं. स्टेजवर नसतील तेव्हा त्यांचे हात कशावर कधी वाजले नाहीत. गाडीत ते हात मांडीखाली दाबून बसायचे. थंडी वाजते का, म्हणून मी सुरुवातीला विचारलंही होतं.

दुसरी एक सवय म्हणजे पिशवीची. ती पिशवी ते कुणाला उचलू द्यायचे नाहीत. चालताना दर थोड्या पावलांनी या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायचे. पिशवीचं वजन ते काय, दोन-तीन किलो. पण सात-आठ पावलं झाली की खांदा बदललाच. आम्ही चिडवायचो, जनूभाऊ, पिशवीत दगड भरलेत का? ते हसायचे आणि आणखी सात-आठ पावलांनी परत बदलायचे. आतलं एकेक वाद्य त्यांनी माझ्याकडून नेलेल्या चिंध्यांत गुंडाळलेलं असायचं. चालताना पिशवीतून आवाज आलेला त्यांना खपत नसे. वाजायच्या वेळी वाजावं, रस्त्यात कशाला, असं त्यांचं म्हणणं.

ऑर्केस्ट्रात मी नवीन होते तेव्हा अण्णांनी त्यांच्यासाठी मुंबईहून एक चांगली खंजिरी आणली होती. गोल चौकट, कडेला पितळी चकत्यांच्या जोड्या आणि वर ताणून बसवलेलं चामडं. अण्णांनी कौतुकाने पुढे केली, तर जनूभाऊंनी हात मागे घेतले. खाली ठेवायला सांगितली. मग माझ्याकडे येऊन म्हणाले, "ताई, कात्री हाय?" तालमीला मी पिशवीत कात्री ठेवतेच. त्यांनी ती स्वतः घेतली नाही. मलाच ते चामडं कडेकडेने कापून काढायला लावलं. नवंकोरं चामडं, मला जिवावर आलं होतं. अण्णांनी कपाळावर हात मारला. चामडं निघाल्यावर जनूभाऊंनी राहिलेली चौकट उचलली, एकदा हलवून पाहिली आणि चिंधीत गुंडाळून पिशवीत टाकली.

मी समजले, बाबा वारकरी-माळकरी असतील, चामडं चालत नसेल. पण तसंही नव्हतं. शिमग्याला, गटारीला कोंबडं असायचं त्यांच्याकडे, आणि पायात चामड्याच्या चपला असायच्या. मग मी विचार करणं सोडून दिलं. ऑर्केस्ट्रात प्रत्येकाचं काही ना काही खूळ असतं. मी स्वतः गाण्याआधी दोन लवंगा चघळल्याशिवाय माइकला हात लावत नाही.

वडखळजवळच्या एका गावातला कार्यक्रम मात्र मी विसरणार नाही. तेव्हा आमच्याकडे ऑक्टोपॅड, म्हणजे सगळ्या तालवाद्यांचे आवाज काढणारं इलेक्ट्रिक यंत्र, आलेलं नव्हतं. तबला आणि ढोलकी एकच माणूस वाजवायचा. त्याची वाद्यं अण्णांच्या गाडीतून पुढे आली होती आणि तो स्वतः मागून मोटारसायकलवर येत होता. संध्याकाळी सातला कार्यक्रम, आणि हा वडखळच्या नाक्यावर ट्रॅफिकमध्ये अडकलेला. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. समोर बाया पुढे बसलेल्या, त्यांना लावण्या ऐकायच्या होत्या, आणि मंडळाच्या पोरांनी माझं नाव फलकावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं. ढोलकीशिवाय लावणी म्हणजे अस्तराशिवाय ब्लाउज. अण्णांनी ढोलकी उचलून जनूभाऊंच्या समोर ठेवली.

जनूभाऊ म्हणाले, "मला नाय जमणार."

"तुम्हाला येते हे मला माहीत आहे," अण्णा म्हणाले. त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं की हा माणूस पूर्वी रोह्याच्या पार्टीत ढोलकीवर होता.

"येते. पण चामड्याला हात लावणार नाय. हवा तर मला उद्यापासून बोलवू नका."

अण्णांनी हात जोडले. मीही म्हटलं, जनूभाऊ, माझ्यासाठी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं आता घेतील. त्यांनी वाद्यांचं रिकामं लाकडी खोकं पुढे ओढलं आणि त्यावर दोन काड्यांनी साथ केली. ताल तसूभरही हलला नाही, हे मी आज कबूल करते. पण लोकांना खोक्यावरची लावणी कशी चालणार? पहिल्या गाण्याला शिट्ट्या, दुसऱ्याला हुर्यो. तिसऱ्याला मी माइक ठेवून आत गेले आणि रडले.

त्यानंतर दोन महिने मी त्यांच्याशी बोलले नाही. शेंगांची पिशवी आली तीही आत घेतली नाही, बाहेर गाईने खाल्ली. ते बघत होते. "राग हाय तो बरोबर हाय," म्हणाले आणि निघून गेले. एवढं सगळं होऊन अण्णांनीही त्यांना काढलं नाही, याचं कारण मला पुढे रोह्याला कळलं.

रोह्याला एका हॉलमध्ये रिसेप्शन होतं. तोवर ऑक्टोपॅड आलं होतं. साइड रिदमचे निम्मे आवाज त्यात होते, आणि जनूभाऊंचं काम संपलं असं सगळे धरून चालले होते. मी एक जुनं संथ गाणं म्हणत होते, ज्यात त्यांना काम जवळपास नव्हतंच. पूर्ण गाण्यात लोखंडी त्रिकोणाचा एकच ठोका, शेवटच्या मुखड्याच्या सुरुवातीला. तेवढ्यासाठी हा माणूस गाणंभर त्रिकोण हातात धरून उभा राहायचा, उजव्या अंगठ्याने बोटांची पेरं मोजत. पहिल्या अंतऱ्यात नवरीची आई समोरून गेली. तिच्या ब्लाउजची पाठ मी शिवलेली, आणि ती तिरकी बसलेली मला दिसली. झालं. मी दोन ओळी गाळून पुढे गेले. कीबोर्ड एकीकडे, तबला दुसरीकडे, ऑक्टोपॅडवाला तिसरीकडे. मला ऐकू येत होतं की गाणं फाटतंय, पण कुठून शिवावं ते कळत नव्हतं. तेवढ्यात टिण् झालं. ती त्या ठोक्याची नेहमीची जागा नव्हती, पण त्या क्षणी ज्या जागी सगळ्यांनी यायला हवं होतं ती बरोबर तीच होती. सगळ्यांनी मान वर केली, जनूभाऊंनी मान हलवली, आणि आम्ही मुखड्यावर एकत्र आलो. समोर जेवणाऱ्यांना काही कळलंसुद्धा नाही.

मागे जाऊन मी त्यांचे आभार मानले. पहिल्यांदा बोलत होते दोन महिन्यांनंतर. ते म्हणाले, "सगळ्यांचा लक्ष आपापल्या वाजवण्यावर. मी रिकामा उभा. रिकाम्या माणसाला सगळा ऐकू येतो, ताई."

त्या दिवसापासून मी त्यांना मानत आले. पण चामड्याचं कोडं राहिलंच. ते सुटलं फार वर्षांनी, चारेक वर्षांपूर्वी, शिमगा नुकताच होऊन गेला होता तेव्हा. वहिनी माप द्यायला आली होती. मापाला उभी राहिलेली बाई बोलते, हे माझ्या धंद्यातलं एक सत्य आहे. हात वर, नजर भिंतीकडे, आणि मनातलं सगळं बाहेर. मी सहज विचारलं, शिमगा कसा झाला? तर ती रडायलाच लागली.

त्यांच्या गावात शिमग्याला देवाची पालखी निघते. देऊळ खाली, आणि पालखी बसते ती जागा वर टेकाडावर. मध्ये दगडी चढण. ढोलाचा मान भोईरांच्या घरात, पिढ्यान् पिढ्या. चढणीसाठी एक वेगळा ठेका आहे, तो फक्त तिथेच वाजतो, फक्त पालखीपुढे. सात घाव आणि मग एक रिकामी जागा. त्या रिकाम्या जागेत पालखीचे भोई खांदा बदलतात. सगळे एकदम, न बोलता. लाकडी जड पालखी, अरुंद पायऱ्या, एकाने आधी बदलला आणि दुसऱ्याने नंतर, तर पालखी कलणार. म्हणून ठेका.

तरुणपणी तो ठेका जनूभाऊंच्या हातात होता. तेव्हा ते रोह्याच्या एका ऑर्केस्ट्रात ढोलकीलाही होते. एका गणपतीत त्या पार्टीचा कार्यक्रम त्यांच्याच गावात झाला, देवळासमोरच्या मैदानात. पनवेलचा एक ड्रमवाला आला होता. त्याच्याशी जुगलबंदी लागली. लोक चढवत होते, गावची पोरं नाव घेऊन ओरडत होती, आणि जनूभाऊंकडचं सगळं वाजवून संपलं. मग त्यांनी टाळीसाठी कोपऱ्यातला ढोल ओढला आणि चढणीचा ठेका लावला.

देवळाच्या पारावर त्यांचे वडील बसले होते. वडील पालखीचे पुढचे भोई. तीस-चाळीस वर्षं तो ठेका खांद्याने ऐकलेला माणूस. बसल्या बसल्या डुलकी लागली असावी. ढोल ऐकून ते उठले, चढणीची पावलं टाकायला लागले, आणि रिकामी जागा आली तशी खांदा बदलायला वळले. पार तिथे संपत होता. खाली दगड. खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर ते परत उभे राहिले नाहीत. अंथरुणावरच वर्षभराने गेले.

"गावकीनं काय केला नाय," वहिनी म्हणाली. "देवापुढं नारळ ठेव म्हनाले, झाला गेला म्हनाले. सासऱ्यांनी तर येक शब्द काढला नाय. तोच ह्यांना लागला. शिव्या दिल्या असत्या तर निभावला असता. मग ह्यांनी देवाच्या पायरीवर हात ठेवून सांगितला, आता चामड्याला हात लावणार नाय. मान धाकट्या भावाकडं दिला."

मी तिचं माप घेत होते, ती टेप तशीच माझ्या हातात राहिली. वडखळचं ते खोकं मला आठवलं. माझ्यासाठी, असं मी म्हटलं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

धाकटा भाऊ बरोबर वाजवायचा, पण तो आजारपणात अचानक गेला. मान त्याच्या मुलाकडे, विश्वासकडे आला. विश्वास डोलवीला कंपनीत कंत्राटावर, पस्तिशीचा माणूस, बायकोपोरं असलेला. बाप असताना शिफ्टमुळे शिकायचं राहून गेलं. मोबाइलवर कुणी काढलेले व्हिडिओ बघून त्याने ठेका बसवला. घाव बरोबर, जोर भरपूर, पण मोबाइलमध्ये लोकांचा कालवा असतो, त्या कालव्यात रिकामी जागा त्याला ऐकूच आली नाही. त्याने ती भरून टाकली. दोन-तीन वर्षं भोयांनी कसंबसं निभावलं. त्या वर्षी मात्र चढणीवर एकाने खांदा आधी सोडला, पालखी कलली, देवाच्या गळ्यातला हार पायरीवर पडला. गावात नको नको ते बोललं गेलं. भोयांनी विश्वासला दोष दिला, विश्वासने भोयांना. आणि गावकीत असं घाटायला लागलं की पुढच्या शिमग्यापासून पालखी टेम्पोतून वर न्यायची, मागल्या बाजूने रस्ता झालाच आहे, आणि पुढे वाजवायला पेणची बेंजो पार्टी आणायची. म्हणजे भोईरांचा ढोल कायमचा खुंटीला, आणि तो ठेकाही संपला.

जनूभाऊंनी ती चढण डोळ्यांनी बघितली होती. आले तसे घरात बसले आणि दोन दिवस जेवले नाहीत.

"मग शिकवत का नाहीत पुतण्याला?" मी विचारलं.

"तो विचारीत नाय, हे सांगीत नाय. तो म्हनतो काकांनी आपल्या हातानी मान सोडला, आता कशाला विचारू. हे म्हनतात, ज्यानं तो ठेका बाजारात मांडला त्यानं कुठल्या तोंडानं शिकवायचा."

पुढच्या आठवड्यात जनूभाऊ दुकानात आले. पिशवीचा पट्टा सैल झाला होता. मी पट्टा शिवून दिला आणि राहवलं नाही म्हणून बोलले. माझा स्वभाव तसा आहे, आडवळणाने मला जमत नाही. म्हटलं, "जनूभाऊ, चामड्याला हात लावणार नाही असं तुम्ही देवाला सांगितलंत. तोंडाला कुलूप लावीन असं सांगितलं होतं का?"

त्यांनी पट्टा ओढून पाहिला. पिशवी उचलली आणि गेले. तीन आठवडे त्यांचा पत्ता नाही. मी मनात म्हटलं, झालं, आपण नको तिथे कात्री घातली.

मग एका गुरुवारी दुपारी दुकानाच्या दारात दोघे उभे. पुढे जनूभाऊ, मागे विश्वास, कंपनीचा निळा शर्ट तसाच अंगात. सुट्टी होती त्याला. जनूभाऊ म्हणाले, "घरात नको. घरात ढोल टांगलेला हाय, तो बघत राहतो. तुझा टेबल लाकडाचा हाय ना?"

मी टेबलावरचे कपडे उचलले. दारावर दुपारच्या सुट्टीची पाटी लावली.

त्या दिवशी मी त्यांचे हात पहिल्यांदा बघितले. बावीस वर्षं बघत होते, पण ते मांडीखाली दाबलेले किंवा खुळखुळा धरलेले. माझ्या कटिंगच्या टेबलावर त्यांनी सात घाव दिले आणि थांबले. माझी दोन मशीनं, कात्र्या, बटणांचे डबे, सगळं त्या सात घावांनी हललं, आणि मग सगळं एकदम गप्प झालं. विश्वासने वाजवून दाखवलं. घाव तेच, पण शेवटी त्याचा हात राहीना, बारीक काहीतरी भरायचाच. जनूभाऊ नाही म्हणायचे, परत वाजवायचे. पाच-सहा वेळा झालं. विश्वास वैतागला. म्हणाला, "काका, तिथं कायच नाय वाजवला तर लोक म्हनतील हा विसरला."

जनूभाऊ उठले. कोपऱ्यात माझा अस्तराचा तागा उभा होता, चांगला जड. तो त्यांनी विश्वासच्या खांद्यावर दिला. "चाल," म्हणाले. माझ्या दुकानाच्या मागे माळ्यावर जायला दगडी जिना आहे, अरुंद, उंच पायऱ्यांचा. विश्वास ताग्यासह चढायला लागला आणि जनूभाऊ खाली लाकडी दारावर ठेका धरून उभे राहिले. पहिल्यांदा त्यांनी ठेका विश्वाससारखा, भरून वाजवला. चौथ्या पायरीवर विश्वासला खांदा बदलायचा होता, कधी बदलावा कळेना. तागा भिंतीला आपटला, तो स्वतः पडता पडता वाचला. मग त्यांनी त्याला खाली बोलावलं आणि ठेका बरोबर वाजवला. सात घाव आणि जागा. त्या जागेत तागा सहज या खांद्यावरून त्या खांद्यावर गेला. परत सात, परत जागा. विश्वास वरच्या पायरीवर जाऊन बसला. खांद्यावरचा तागा त्याने मांडीवर घेतला.

"कळला?" जनूभाऊंनी खालून विचारलं. "ती जागा आपली नाय. ती त्यांची हाय. आपण फक्त ती करून द्यायची."

विश्वास वरूनच म्हणाला, "आजा पडला तवा मी लहान होतो. मला कुनी सांगितलाच नाय कसा पडला."

जनूभाऊंनी सांगितलं. मी चहा आणायला बाहेर गेले. तेवढं मला कळतं.

त्यानंतर विश्वासच्या सुट्टीच्या दिवशी दोघे यायचे. कधी गुरुवार, कधी सोमवार, शिफ्ट बदलेल तसं. माझी गिऱ्हाइकं विचारायची, ताई, मागे सुतारकाम चाललंय का? जनूभाऊंनी टेबल, दार, जिन्याचा कठडा, माझी मोठी लाकडी मापपट्टी, सगळ्यांवर वाजवलं, पण ढोलाला हात लावला नाही. मापपट्टी मधोमध तडकली. त्यांनी नवी आणून दिली, ती दोन सूत आखूड निघाली, त्यामुळे माझे तीन ब्लाउज बिघडले. ते मी त्यांना सांगितलं नाही. किडक्या शेंगांचं सांगितलं होतं, हे नाही सांगितलं.

गावकी मात्र ऐकायला तयार नव्हती. शेवटी म्हाताऱ्या भोयांपैकी एकाने तोड काढली की या वर्षी शेवटचं बघू, टेम्पो मागल्या रस्त्याला उभा ठेवू. चढणीवर पालखी हलली तर तिथूनच टेम्पोत.

शिमग्याला मी गेले. पेणहून रोह्याच्या गाडीने, मग रिक्षाने. सकाळचे दहा वाजले होते, ऊन चढत होतं. टेम्पो खरंच उभा होता, त्याला झेंडूची माळही घातलेली. विश्वास ढोल गळ्यात अडकवून पालखीपुढे उभा होता, तोंड पांढरं पडलेलं. जनूभाऊ चढणीच्या मध्यावर, कडेच्या लोकांत उभे. खांद्याला पिशवी. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. शेजारीच वहिनी होती, तिने माझा हात धरला.

म्हटलं, पिशवी कशाला आणलीत, आज काय कार्यक्रम आहे? ते म्हणाले, "सवय."

पालखी उचलली. ढोल सुरू झाला. सात घाव आणि पहिली जागा आली. विश्वासचा हात वर राहिला. खाली आला नाही. आठही भोयांनी एकदम खांदा बदलला, आणि पालखी पाण्यावरून चालल्यासारखी सरळ वर आली. परत सात. परत जागा. माणसं ओरडत होती त्यांचा आवाज हळूहळू कमी झाला. कुणी सांगितलं नव्हतं, पण त्या जागेत सगळं गाव गप्प व्हायला लागलं. टेम्पोवाला खाली उतरून बघत उभा राहिला.

त्यानंतर जनूभाऊ आमच्या कार्यक्रमांना आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. मीही पुढे गाणं सोडलं, आवाज राहिला नाही. अधूनमधून निरोप यायचे, शेंगा यायच्या. गेल्या आश्विनात भात कापायच्या आधी ते गेले. मी गेले तेव्हा सगळं उरकलं होतं. म्हणून माझ्या लेखी त्यांचं शेवटचं दर्शन ते चढणीवरचंच.

पालखी आमच्यासमोर आली होती. मी पालखीकडे नाही, त्यांच्याकडे बघत होते. ते देवाला हात जोडून उभे होते, डोळे मिटलेले. हात हलत नव्हते. ओठ मोजत होते. सातवा घाव पडला, जागा आली, सगळं गाव श्वास धरून गप्प झालं, भोयांनी खांदा बदलला, आणि जनूभाऊंनीही, डोळे मिटलेलेच, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

कधी नव्हे ती चिंधी सुटलेली असणार. पिशवीतली खंजिरी छन् करून वाजली, सगळ्या शांततेत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. विश्वासने वळून पाहिलं. जनूभाऊंनी डोळे उघडले, ओशाळून पिशवी छातीशी दाबली आणि माझ्याकडे बघून हसले.

एवढ्या वर्षांत त्यांनी चुकीच्या जागी वाजवलेलं मी तेवढं एकदाच ऐकलं.